दोन दारांचं पाळणाघर

पाळणाघराच्या फाटकाची कडी इन्स्पेक्टरने एका बोटाने उचलली, सोडली, परत उचलली आणि आतून कोणी यायच्या आधीच बायकोकडे वळून जाहीर केलं, "नापास."

बायकोचा एक पाय अजून गाडीत होता. हातात बारक्याचा पट्टा होता आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बारक्या होता. हा कुत्रा पिल्लू असताना चपलेत मावायचा म्हणून त्याला बारक्या म्हणायला लागले. आता तो मागच्या सीटवर बसला की आरशात मागची वाहनं दिसत नसत.

"आत तरी जाऊ," ती म्हणाली.

"कशाला? ही कडी नाकाने ढकलली की उघडते. बारक्याला नाक आहे."

हा माणूस लिफ्टचा इन्स्पेक्टर होता. शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या, दोर झिजलाय का, दार नीट लागतं का, ब्रेक धरतो का हे बघायचं आणि नापास करायचं, हे त्याचं काम. पास तो क्वचितच करी आणि केलं तर दिवसभर त्याला चुकल्यासारखं वाटे. त्याचा सगळा राग जगातल्या हयगयीवर होता. जगात हयगयीला तोटा नाही, त्यामुळे रागालाही कधी खळ पडत नसे. पंखा डगडगला की तो चिडे, गच्चीचं दार उघडं राहिलं की चिडे, आणि कोणी "चलता है" म्हटलं तर त्याच्या मानेवरची शीर इतकी तट्ट फुगे की पाहणाऱ्यालाच भीती वाटावी.

पाळणाघर शोधायची वेळ आली ती बायकोच्या नोकरीमुळे. ती फार्मासिस्ट. मुलगी झाली तेव्हा तिने काम सोडलं होतं. मुलगी आता हॉस्टेलवर गेली आणि इतक्या वर्षांनी एका हॉस्पिटलच्या औषध विभागात तिला जागा मिळाली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. बारक्याला घरी एकटं ठेवता येतं का, म्हणून एका दुपारी दोघांनी बाहेर जाऊन पाहिलं. बारक्याने असा काही गळा काढला की समोरच्या फ्लॅटमधला बेकरीवाला, जो रात्रभर भट्टीपुढे उभा राहून दुपारी झोपतो, बनियनवर जिन्यात येऊन बसला. दोघं परतल्यावर तो अगदी हळू आवाजात म्हणाला, की पुढच्या वेळी मी बोलणार नाही, पोलीस बोलतील. तेव्हा कुत्र्याला दिवसभर कुठेतरी ठेवणं भाग होतं.

"सुरक्षित जागा मी शोधतो," इन्स्पेक्टर म्हणाला होता. "सुरक्षितता हे माझं क्षेत्र आहे." बायकोने बरं म्हटलं. तिची एवढीच चूक झाली.

दुसऱ्या पाळणाघराचं कुंपण उत्तम होतं, पण मोठी आणि छोटी कुत्री एकाच अंगणात सोडलेली. राखणदार पोरगी फोनमध्ये डोकं घालून बसली होती. आत्ता आत किती कुत्री आहेत, असं इन्स्पेक्टरने विचारल्यावर तिने मान वर करून अंगणावर नजर फिरवली आणि "असतील बरीच" असं उत्तर दिलं. ही जागा नापास झाली ते बायकोलाही पटलं. तिसऱ्या जागेचा मालक फार हसतमुख. त्याने भिंतीवरचे कॅमेरे दाखवले आणि सांगितलं, की तुम्हाला ऑफिसात बसून मोबाइलवर सगळं दिसेल.

"आणि भांडण लागलेलं दिसलं तर धावून कोण येणार?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"तुम्ही फोन करा ना आम्हाला," मालक म्हणाला.

यावर इन्स्पेक्टर जे बोलला ते ऐकून मालकाचं हसू मावळलं. चौथ्या जागी मात्र खोड काढायला काही नव्हतं. बाई प्रेमळ होत्या, कुत्र्यांच्या लशींची चौकशी करत होत्या, जनावरांचा डॉक्टर शेजारच्याच गल्लीत होता. तिथे इन्स्पेक्टर गुडघ्यांवर बसला, फरशीवर तळहात घासून पाहिला, ती घसरडी असल्याचं सांगितलं, भिंतीतला विजेचा बोर्ड बारक्याच्या जिभेच्या उंचीवर असल्याचं सांगितलं आणि आग लागली तर आधी कोणत्या कुत्र्याला बाहेर काढणार, असं विचारलं. बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि दार लावून घेतलं.

परतताना गाडी सिग्नलला थांबली. बायको म्हणाली, "तुला जागा सापडायलाच नकोय."

"म्हणजे?"

"म्हणजे सोमवारी बारक्यासाठी घरी कोण बसणार? तू? नाही ना. मीच बसणार. तुला जे हवंय ते न बोलता होतंय. तू नुसत्या कड्या उचलत राहा."

इन्स्पेक्टर भयंकर संतापला. असलं काही त्याच्या मनात नव्हतं, निदान तो ज्या मनाने विचार करी त्यात तरी नव्हतं. आरोप खोटा होता म्हणून तो चिडला, आणि त्या आरोपात कच्चा दुवा कुठे आहे ते त्याला, आयुष्य कच्चे दुवे शोधण्यात गेलेल्या माणसाला, सापडेना म्हणून आणखी चिडला. सिग्नल सुटला तरी त्याने गाडी हलवली नाही. मागच्याने हॉर्न वाजवल्यावर त्याच्यावरही तो ओरडला. मागच्या सीटवर बारक्याने कान पाडले.

त्यानंतर बायकोने सूत्रं हाती घेतली. शनिवारी ती त्याला गोदामांच्या मागच्या एका पाळणाघरात घेऊन गेली. ते चालवणाऱ्या बाई बायकांच्या तुरुंगात अधिकारी होत्या आणि निवृत्तीनंतर कुत्री सांभाळत होत्या. सगळे त्यांना जेलरबाई म्हणत, आणि त्यांना ते आवडत असे. बुटक्या, रुंद, केस घट्ट आवळून बांधलेले. इन्स्पेक्टर काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "चावतो का?"

"अजिबात नाही. फार गुणी कुत्रा आहे."

"कुत्र्याचं नाही विचारलं," जेलरबाई बायकोकडे बघत म्हणाल्या.

मग त्यांनी दार दाखवलं. बाहेर एक लोखंडी दार, आत दुसरं, मध्ये माणूस आणि कुत्रा उभा राहील एवढी जाळीची खोली. बाहेरचं दार पक्कं लागल्याशिवाय आतलं उघडतच नव्हतं, आणि आतलं लागल्याशिवाय बाहेरचं. भिंतीतल्या पेटीतला एक लोखंडी दांडा दोन्ही कुलपं सांभाळत होता. लिफ्टमध्ये हेच असतं. ज्या गोष्टीसाठी तो आयुष्यभर बिल्डरांशी भांडला, ती एका बाईने कुत्र्यांसाठी स्वतःहून करून घेतली होती. त्याला भरून आलं. आणि भरून आल्यामुळे त्याने तोंड फिरवून वर पाहिलं.

"वर जाळी नाही," तो म्हणाला.

"कुत्री उडत नाहीत," जेलरबाई म्हणाल्या.

"मोठं कुत्रं उडी मारतं. मध्ये अडकलं, घाबरलं, तर मारणारच."

जेलरबाईंचा चेहरा लाल झाला. बायकोने डोळे मिटून घेतले. पण बाई अखेर म्हणाल्या, की उद्या जाळी बसेल, सोमवारी सकाळी कुत्रा आणा, आणि त्यानंतर मला तुमचा आवाज ऐकू येता कामा नये.

सोमवारी बायको नवा पांढरा कोट घालून गाडी चालवत होती. पाळणाघरासमोर तिने इंजिन बंदच केलं नाही. "सोड आणि ये," तिने बजावलं. इन्स्पेक्टर आणि बारक्या मधल्या खोलीत शिरले, बाहेरचं दार लागलं, आतलं उघडलं. बारक्याने एकदा हवा हुंगली, पलीकडे उन्हात बसलेली एक पिवळट म्हातारी कुत्री बघितली आणि वळूनही न पाहता तिच्याकडे धाव घेतली. इतके दिवस ज्याच्यासाठी शहर पालथं घातलं, त्याने साधी शेपूट हलवून निरोप घेतला नाही, हे इन्स्पेक्टरला लागलं. आतलं दार लागलं. डोक्यावर काल बसवलेली जाळी चकचकत होती. आता बाहेरचं दार ढकलायचं आणि निघायचं, एवढंच काम उरलं होतं.

पण त्याचं लक्ष पेटीच्या फटीकडे गेलं. या फटीत कोणी काही घातलं तर दांडा फसेल का? दोन्ही दारं एकदम उघडतील का? एखाद्या खोडकर माणसाच्या हे डोक्यात आलं तर? त्या क्षणी तिथे असा माणूस एकच होता. त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि फटीत घातला. दांडा फसला नाही. तो यायला हवा होता तसा धाडकन खाली आला, स्क्रूड्रायव्हरचं टोक मोडून आत राहिलं आणि दोन्ही दारं जागच्या जागी गच्च बसली.

आवाज ऐकून जेलरबाई आल्या. "काय केलंत?"

"तपासत होतो."

"काय?"

"दोन्ही दारं एकदम उघडू शकतात का ते."

"उघडली?"

"नाही."

"झालं समाधान?"

इन्स्पेक्टरच्या मानेवरची शीर फुगली. असल्या कुलपाला अडचणीच्या वेळी मोकळं करायची सोय असायलाच हवी, हा मूलभूत नियम आहे, असं त्याने त्यांना जाळीतून सुनावलं. जेलरबाईंनी शांतपणे सांगितलं, की सोय होती, तुम्ही जे मोडलंत ते नेमकं त्याच फटीत आहे. ज्याने दार बनवलं तो वेल्डर परगावी कामाला गेला होता आणि संध्याकाळशिवाय येणार नव्हता. वर जाळी नसती तर एव्हाना चढून बाहेर आला असतात, असंही त्या म्हणाल्या. ते म्हणायची काही गरज नव्हती, पण शनिवारपासून त्यांच्याही मनात राग साठला होता.

बाहेर हॉर्न वाजला. मग आणखी लांब वाजला. मग बायको उतरून आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या थोट्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं इन्स्पेक्टरला वाटलं.

"आमच्या ऑफिसला फोन लाव," तो म्हणाला. "कटर घेऊन माणसं येतील. बाहेरचं दार कापू, झालं काम."

"माझ्या दाराला कटर लागणार नाही," जेलरबाई म्हणाल्या. "ते कापलं की कुत्री दिवसभर एकाच दारामागे. ते चुकून उघडं राहिलं तर पोरं थेट ट्रकांच्या रस्त्यावर."

 बाईंचं बरोबर होतं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर इन्स्पेक्टरने स्वतः ती जागा नापास केली असती. रागाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आता हा राग कोणावर काढायचा, तेही कळेना, कारण जाळीच्या आत त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

"तू थांब जरा," तो बायकोला म्हणाला. "हॉस्पिटलला कळव की आज जमत नाही."

हे वाक्य बोलून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं. बायकोलाही आलं. तिचा चेहरा कोटासारखा पांढरा पडला. पिवळट कुत्रीसुद्धा उठून थोडी लांब जाऊन बसली.

"बाई," बायको जेलरबाईंकडे वळली.  "याला इथे पाणी मिळेल?"

"मिळेल."

"सावली?"

"अकरानंतर भिंतीची येते. पत्राही टाकीन वर."

"लक्ष कोण ठेवणार?"

"मी स्वतः. येताजाता बघत राहीन."

"कुत्री त्रास देतील?"

"दार बंद आहे. ती इकडे येऊ शकत नाहीत."

"आणि हा बाहेर येऊ शकेल?"

"मी सोडल्याशिवाय अजिबात नाही," जेलरबाई अभिमानाने म्हणाल्या.

"मग ठेवून घ्या," बायको म्हणाली. "संध्याकाळी घेऊन जाते."

"अगं, तू मला असं टाकून—"

"सुरक्षित जागा आहे. तू स्वतः तपासलीयेस." इतकं बोलून ती गाडीत बसली आणि गेली.

इन्स्पेक्टर ओरडला. आधी बायकोच्या नावाने, मग वेल्डरच्या, मग एकूण लोखंडाच्याच. ऑफिसला फोन करून त्याने सांगितलं, की आज मी येत नाही, अडकलोय. कुठे अडकलात, सोडवायला माणसं पाठवतो, असं साहेब काळजीने म्हणाले, तेव्हा त्याने फोन ठेवून दिला. कुत्री जाळीपाशी जमली आणि मान तिरकी करून त्याच्याकडे बघत राहिली. बारक्या एकदा आला, त्याच्या बुटाचा वास घेतला, ओळख पटली तशी परत खेळायला गेला. दुपारी जेलरबाईंनी स्वतःच्या डब्यातले घास जाळीच्या भोकांतून एकेक करून दिले, कारण ताट आत जात नव्हतं.

संध्याकाळी वेल्डर येऊन दारं मोकळी करून गेला आणि त्याच्या मागोमाग बायको आली. कोटाच्या बाहीवर औषधाचा डाग होता, केस विस्कटले होते, पाय दुखत असावेत, पण चालण्यात असा काही तोरा होता की इन्स्पेक्टर बघतच राहिला. जेलरबाईंनी बारक्याला बाहेर आणलं आणि रोज सगळ्यांना सांगतात तसं सांगितलं: खेळला, नीट जेवला, भांडला नाही, उद्यापासून निश्चिंत पाठवा.

"आणि हा?" बायकोने विचारलं.

"पहिल्या दिवशी सगळेच ओरडतात. दुपारपर्यंत फार आवाज होता. मग खाल्लं, थोडी झोपही लागली. कोणाला चावले नाहीत." जेलरबाईंनी जरा विचार केला. "तसे वाईट नाहीत. उद्या दोघांनाही आणणार का?"

इन्स्पेक्टरने बायकोकडे पाहिलं. दिवसभर बोलायचं म्हणून जमवून ठेवलेलं सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ती बोलणार होती, म्हणून तो थांबला.

"उद्या माझी सकाळची ड्यूटी आहे," ती म्हणाली. "आज घरी कसा वागतो ते बघते आणि कळवते."

मग तिने आपली पर्स पुढच्या सीटवर ठेवली, मागचं दार उघडलं आणि दोघांनाही आत बसवलं.