उजव्या सीटचा पंखा

तुमच्या इमारतीत टँकरने पाणी आणणाऱ्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत आहे का? आमच्या कासमचाचांना तर इंजिनातल्या एकेका तारेचं नाव पाठ आहे. नावं ठेवलीत त्यांनीच. हॉर्नची तार मेहुणा, दिव्यांच्या दोन तारा जुळ्या भाच्या, बॅटरीची जाड तार आई. टेपच्या तुकड्यांवर लिहून चिकटवलेली.

चाचा रत्नागिरीकडचे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या कंपनीचा सर्वांत जुना टँकर त्यांच्याकडे. मी तिथेच ऑफिसात बसते. दर रविवारी, इंजिन गार असताना, ते तारा चाचपतात. कडक पडलेली बदलतात, बाकीच्यांवर उष्णता अडवणारी नळी चढवतात.

"मेहुण्याला सायलेन्सरपासून लांब बांध, बाय. लगेच तापतो. आणि ताणू नको. इंजिन हलतं, ताणलेली तार तुटते."

यंदा मॅनेजरने बजावलं होतं: तपासणीत वायरिंग नापास झालं, तर गाडी भंगारात आणि चाचा गावी. मी चिडून चार पानी निवेदन लिहिलं. कामगार, ऊन, मालकांची जबाबदारी, सगळं. चाचांनी ते शांतपणे वाचलं, बॉनेटवर पसरलं आणि त्यावर स्क्रू मांडले.

"चांगलं लिहितेस. आता टेप धर."

तपासणीच्या आदल्या दिवशी मला एक बिननावाची तार दिसली. टेप होती, पण कोरी. नळी मात्र सगळ्यांत नवी. ती उजव्या सीटसमोरच्या छोट्या पंख्याला जात होती. इथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे उजवी सीट सोबत बसणाऱ्याची.

"ही काढून टाकू, चाचा. एक तार कमी, एक काळजी कमी. त्या सीटवर बसतं कोण?"

"सुलेमान बसायचा. आम्ही एकाच गावचे. भांडत भांडत शारजापर्यंत जायचो." ते हात पुसत राहिले. "तो गेला परत. तेव्हापासून कोण नाही."

"मग?"

"कोण चढलं आणि पंखाच लागला नाही तर, बाय?"

तार राहिली. दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. परतताना मी उजव्या सीटवर चढले. चाचांनी आधी पंखा लावला, मग इंजिन. वाटभर ते बोलत होते. माझं चार पानी निवेदन मला आठवलंही नाही.

पाणी चढेपर्यंत टँकर तुमच्या दारात उभाच असतो. खाली उतरा. आधी नाव विचारा, मग पाच मिनिटं उजव्या सीटवर बसा.