बाळगोंडा पाटील यांनी भुईवर केलेल्या स्वारीची हकीकत

॥ श्रीजिनेंद्र प्रसन्न ॥

शके अठराशे अडुसष्ट, व्ययनाम संवत्सरी, चैत्र-वैशाखमासी, प्रांत सांगली, मौजे मळेगाव, कृष्णातीर, येथे राजश्री बाळगोंडा पाटील यांनी भुईवर जी स्वारी केली, तीत माणूस कोणी पडले नाही, परंतु त्यांच्या मातुःश्री पद्मावती आक्का यांजवर जो प्रसंग गुदरला तो वैऱ्यावरही न येवो. गावात जो तो आपल्या मताची हकीकत सांगतो, आणि खरी कोणी पुसत नाही, सबब यथास्थित लिहिली आहे. वाचणाराने हसू नये. हसू आवरेनाच, तर तोंडाला पदर लावावा.

मूळ कारण ऐसे जे, हवालदार लालासाहेब मोठी लढाई संपवून इटली मुलुखातून सुखरूप घरी दाखल जाहले, आणि येताना भाता उघडून मिटणारा एक कॅमेरा घेऊन आले. मग गावात एकच हलकल्लोळ. जो तो फेटा बांधून हवालदारांच्या दारी उभा, आणि म्हातारी माणसे दात नसता हसण्याचा सराव करू लागली. हवालदार जर्मनांच्या तोफांस डगमगले नाहीत ते या फेट्यांपुढे नामोहरम जाहले, आणि कॅमेरा बालमित्र बाळगोंडा यांच्या हवाली करून मोकळे जाहले.

बाळगोंडा हे ऊसमळ्याचे धनी, अतिशय मितभाषी, पितृछत्र हरपलेले, आक्कांचे एकुलते एक. कसबे आष्टे येथील दादासो चौगुले यांची नात चंदनबाला, तिजशी सुपारी फुटलेली, आणि मुहूर्त ज्येष्ठात धरलेला. ऐशा पुरुषाने हाती कॅमेरा येताच प्रथम मातुःश्रींची तसबीर घ्यावी, हा रिवाज. परंतु खाशांची स्वारी चालून गेली कोणावर, तर चिखलावर. नदीचे पाणी ओसरून गाळ वाळला होता आणि पापडासारखा उलून त्याच्या कडा वर वळल्या होत्या. त्या भेगांस बाळगोंडांनी वेढा घातला. मग मुंग्यांची रांग, मग धनगराच्या मेंढरांच्या खुरांचा सडा, मग वाऱ्याने वाळूत पाडलेल्या वळ्या, ऐसे एकेक ठाणे काबीज करीत चालले. ज्या भुईकडे गावाने आजवर थुंकण्यापुरतेच पाहिले, तिजपुढे हे गुडघे टेकून दोन-दोन घटका राहू लागले.

येथून अनर्थ उद्भवला. चपलेचा ठसा गाळावर उमटतो, सबब बाळगोंडा अनवाणी फिरू लागले. मुंग्यांची रांग मोडली की तसबीर नासते, सबब चार हात भुई न्याहाळून पाऊल टाकू लागले. उन्हे कलल्यावर उजेड राहत नाही, सबब दिवस बुडण्यापूर्वी घरी येऊन जेवू लागले. अंगावर धूळ, केसांस तेल नाही, आणि कोणी हाक मारिली तर ओ नाही. हे सर्व जिनमंदिराचे पुजारी राजश्री उपाध्ये यांनी ओट्यावरून पाहिले. त्यांनी शास्त्रे बहुत वाचलेली, आणि बहुत वाचणाऱ्यास साधी गोष्ट साधी दिसत नाही. त्यांनी फर्मावले की ही मुनींची चाल होय, पाटलाच्या घरी वैराग्य उपजले, आता दीक्षेस विलंब नाही. बाळगोंडा यांस पुसावे, ऐसे कोणाच्याही मनी आले नाही. वैराग्यास पुसतात काय?

दुसरे दिवशी पहाटेपासून गावच्या बायका आक्कांच्या पाया पडू लागल्या. आक्कांचा नेम ऐसा की रोज स्नान करून, पाणी गाळून, माळ ओढून देवापुढे मागणे मागावे की माझ्या कुळात एक तरी जीव मोक्षमार्गास लागो. वीस वर्षे मागितले, तेव्हा देवाने काही ऐकले नाही, आणि आक्काही निश्चिंत होत्या. आता ऐकले. देवास हेच एक मागणे बरे ऐकू आले, ऐसे आक्कांच्या मनात आले, आणि तसे आले म्हणून त्यांनी एक माळ ज्यादा ओढिली. पोर जाणार म्हणून रडावे तर धर्मास बाध, आणि हसावे तर हसू येत नाही. मग पाया पडणारीस आशीर्वाद द्यावा, आणि चुलीपुढे जाऊन धुराच्या नावाने डोळे पुसावे, ऐसा क्रम चालला.

अखेर धीर करून त्यांनी लेकास विचारिले, "बाळ, काय दिसतंय रं तुला त्या भुईत?"

"काय न्हाई आक्का. नुसतं बघत ऱ्हावंसं वाटतंय."

आक्कांनी हे वैराग्यच मानिले आणि त्या माळ घेऊन देवापुढे जाऊन बसल्या.

इतक्यात सांगलीहून पहिल्या फिल्मच्या तसबिरी धुऊन आल्या. लालासाहेबांनी त्या मंदिराच्या ओट्यावर मांडिल्या, आणि उपाध्ये अर्थ सांगू लागले. गाळाच्या भेगा ही देहाची अनित्यता, मुंग्यांची रांग हा संसाराचा फेरा, आणि मेंढरांचे खूर म्हणजे अज्ञानी जीवांची गर्दी. लालासाहेब म्हणाले की माझ्या नजरेस तर हा चिखल दिसतो. त्यांस गप्प करण्यात आले.

कीर्ती आष्ट्यास पोचली. दादासो चौगुले धर्मभीरू गृहस्थ, त्यांनी मसलत केली की मुक्तीस निघालेल्या जीवास संसाराचे दावे बांधणे हे महत्पाप, सबब सुपारीचे लुगडे परत द्यावे आणि दर्शनही घ्यावे. छकडा जोडून नातीसह दरमजल मळेगावी दाखल जाहले. लुगडे आक्कांच्या ओटीत ठेविले, आक्कांनी ते दोन्ही हातांनी घेतले. मग सर्व मंडळी नदीकडे निघाली.

बाळगोंडा वाळूच्या वळ्यांपुढे बसले होते. तिसऱ्या प्रहरापासून उन्हे तिरपी होण्याची वाट पाहत होते, आणि आता प्रत्येक वळीस सावलीची काळी किनार लागली होती. दुसऱ्या फिल्मवर शेवटचा एक फोटो बाकी, आणि तिसरी फिल्म बाजारात मिळत नव्हती. दादासो दुरूनच हात जोडून डोळे मिटते जाहले. चंदनबाला मात्र थांबली नाही. ती सरळ चालून गेली आणि त्या राखलेल्या वाळूच्या ऐन मध्यावर पाऊल रोवून उभी राहिली. लालासाहेबांनी कपाळावर हात मारिला.

"दीक्षा घेणार हाय का न्हाई, ते नीट सांगा," ती म्हणाली. "मला घरात बायका इचारत्यात. मी काय सांगू?"

बाळगोंडांनी वर पाहिले, मग खाली पाहिले, आणि म्हणाले, "जरा पाय उचला. न्हाई, आता हलू नका."

आणि शेवटचा फोटो खर्ची घातला.

पायाखाली एखादा जीव असेल, त्याची केवढी ही दया, ऐसे वदून दादासोंच्या डोळ्यांत पाणी आले. चंदनबालेच्याही डोळ्यांत आले, ते दुसऱ्या कारणाने. छकडा दिवस बुडण्याआधी आष्ट्याकडे परतला, आणि मळेगावी दीक्षार्थ्याच्या मिरवणुकीची तजवीज सुरू जाहली. मांडव ठरला, वाजंत्री ठरली. आक्कांनी मांडवास होकार दिला आणि त्या रात्री अंथरुणावर बसून राहिल्या.

मिरवणुकीच्या आदले दिवशी ती शेवटची तसबीर आली. सारा गाव ओट्यापुढे जमला. उपाध्ये यांनी तसबीर उंच धरून निरूपण मांडिले की जीव येतो, पाऊल उमटते, वारा ते पुसतो, ऐसे हे अनित्य. माना डोलल्या. आक्कांनी हात पुढे केला आणि तसबीर मागून घेतली. गाळाच्या तसबिरीत भेगेपासून भेग वेगळी दिसत होती, मुंगीचा पाय दिसत होता, आणि या एकीत पावलाच्या कडा पुसट, जणू पाण्यात पाहिल्या. आक्कांनी ती डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. जन्मात मंदिराच्या ओट्यावर त्यांचा आवाज कोणी ऐकिला नव्हता.

"उपाध्येजी, ह्यात अनित्य काय न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यो पोरीचा पाय हाय. आन् माझ्या पोराचा हात हाललाय."

सर्वांनी वळून बाळगोंडांकडे पाहिले. त्यांचे कान लाल जाहले होते, आणि लाल कानांचे मुनी शास्त्रात कोठे सांगितलेले नाहीत.

"व्हय रं?" लालासाहेब म्हणाले. "मग एवढे दिस बोलला का न्हाईस, गड्या?"

"मला कुणी इचारलंच न्हाई."

"तिनं इचारलं की."

"तवा उजेड चालला हुता," बाळगोंडा म्हणाले.

येणेप्रमाणे वैराग्याची शिकस्त जाहली. उपाध्ये खरे मुत्सद्दी, त्यांनी तेथल्या तेथे जाहीर केले की गृहस्थधर्म हाही धर्मच, आणि हे आपण प्रथमपासून सांगत होतो. लुगडे लालासाहेबांबरोबर आष्ट्यास रवाना जाहले. चंदनबालेने ते ठेवून घेतले, परंतु उत्तर म्हणून इतकेच सांगून पाठविले की लग्नात हलू नका म्हणालात तर मी हलणार. ठरलेला मांडव, ठरलेली वाजंत्री आणि तेच उपाध्ये, इतक्या सामग्रीनिशी ज्येष्ठ शुद्ध पंचमीस विवाह सिद्धीस गेला आणि मातुःश्री पद्मावती आक्का यांची फत्ते जाहली.

एक जीव मोक्षमार्गावरून मागे फिरला आणि त्याचा आपणांस हर्ष जाहला, हे पाप आक्कांनी आपल्या माथी घेतले आणि प्रायश्चित्त म्हणून चातुर्मासभर गूळ वर्ज्य केला. घरचे गुऱ्हाळ, दारी काकवीच्या घागरी, आणि पानात गुळाचा खडा नाही. नेम अखंड पाळिला, आणि नव्या सुनेच्या हातचे ते बिनगुळाचे फिके जेवण आक्कांस इतके गोड लागले की त्याबद्दल आणखी एक माळ ओढावी काय, ऐसा विचार त्या करीत आहेत.

ही फत्तेची नोंद. बहुत काय लिहिणे.