सोबत अकरा पाने जोडली आहेत

मूल जन्माला घालणे हे त्या मानाने सोपे काम आहे. ते सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत दुसऱ्याच्या हवाली करणे हे अवघड, कारण पहिल्या कामासाठी कुणी अर्ज भरून मागत नाही.

आमच्या सिंगापुरात जूनमध्ये चार आठवडे शाळा बंद असतात. या काळात मुलांनी घरी बसून काहीही न करणे बेकायदेशीर नाही, पण लिफ्टमध्ये भेटणारे शेजारी त्याची चौकशी करतात. म्हणून दिवसाची शिबिरे निघाली. मूल सकाळी न्यावे, दुपारी आणावे, मधल्या वेळात त्याला आत्मविश्वास येतो. (तो जेवणाच्या सुट्टीआधी येतो की नंतर, हे पत्रकात दिलेले नाही.) ज्या पालकांना आपले पाल्य यंदा अशा शिबिराला पाठवायचे आहे, त्यांच्या उपयोगासाठी मी माझा अनुभव येथे नमूद करत आहे. अनुभव एका आठवड्याचाच आहे, पण परिपूर्ण आहे.

मी इलंगो. इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत धोके शोधून त्यांची यादी करणे हे माझे काम. सोळा वर्षांत मला एकही जिना निर्दोष आढळलेला नाही. माझी मुलगी यालिनी, वय वर्षे आठ, हिचे नाव आम्ही जलाशयाकाठच्या ‘पाणमांजर शिबिरा’त घातले, तेव्हा त्यांनी दोन पानी अर्ज दिला. शेवटी एक चौकट होती: ‘पाल्याविषयी आणखी काही सांगायचे असल्यास’. खाली चार ओळी सोडल्या होत्या.

चार ओळी. आमच्या कचऱ्याच्या खोलीच्या दारावर याहून लांब सूचना आहे.

मी पुरवणी जोडायचे ठरवले. पहिल्या दिवशी तीन पाने झाली. पुढे कामाने वेग घेतला. नमुन्यादाखल काही ओळी देतो, म्हणजे वाचकांना पद्धत कळेल.

ओळ ७: भाताला रस्सा लागलेला पाल्यास चालत नाही. रस्सा वेगळ्या वाटीत द्यावा व वाटी भातापासून चार बोटे लांब ठेवावी.

ओळ १९: पाल्य पालीस घाबरते. (पाल भिंतीवर असल्यास कमी, छतावर असल्यास जास्त.)

ओळ ३३: पाल्यास पाण्याची भीती आहे. तीन वर्षांची असताना समुद्रावर लाटेचा प्रसंग घडलेला आहे. पाण्यापासून वीस पावले दूर ठेवावे.

ओळ ५८: अनोळखी माणसांत पाल्याचा आवाज बसतो.

ओळ ८८: दुपारी दोन ते अडीच पाल्यास डुलकी लागते.

बायको, मलरविळी, रोज संध्याकाळी माझ्या खांद्यावरून डोकावून जाई. एकदा म्हणाली, “अहो, पोरीला शिबिराला पाठवताय की दुकानात परत द्यायला चाललाय?” मी तिच्याकडे लक्ष दिले नाही. सुरक्षिततेच्या क्षेत्रात काम करणाऱ्याला घरचा पाठिंबा क्वचितच मिळतो.

त्याच आठवड्यात देवळात सौंदरवल्ली अम्माळचे गायन-निरूपण होते. मी ते कधी चुकवत नाही. अम्माळ कथा सांगता सांगता गाऊ लागल्या की माझ्यासारख्या रुक्ष माणसाचेही डोळे भरून येतात. रुमाल मी आधीच काढून मांडीवर ठेवतो. त्या दिवशी बाळकृष्णाला उखळाला बांधण्याची कथा होती. यशोदा दावे आणते, ते दोन बोटे कमी पडते. दुसरे जोडते, पुन्हा दोन बोटे कमी. गोकुळातली सगळी दावी संपली तरी दोन बोटे कमीच. अम्माळ दर खेपेला दोन बोटे वर धरून थांबत, मृदंगही थांबे, आणि सगळे देऊळ हसे. मग त्या एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, “दावं केवढंही घ्या हो. पोर बांधलं जातं ते त्याला आईची दया येते म्हणून.”

मी भरपूर रडलो. घरी आलो आणि दहावे पान लिहायला घेतले, कारण डासांचा विषय राहून गेला होता.

“झालं का पुरं?” मलरने विचारले.

“होत आलं,” मी म्हणालो. “दोनच मुद्दे कमी पडतायत.”

पालकसभेच्या दिवशी मी अर्धा तास आधी पोचलो, तरी पहिल्या रांगेतल्या सगळ्या खुर्च्यांवर जागा धरणारी टिश्यूची पाकिटे येऊन बसली होती. मी मागे बसलो. शेजारी मादाम सिओ म्हणून एक बाई होत्या. त्यांच्या मुलाची पुरवणी दोन पानांची. मला त्या मुलाची दया आली.

शिबिराच्या प्रमुख मिस गोह. पन्नाशीच्या, गळ्यात शिटी, चेहऱ्यावर काहीही नाही. त्यांनी माझी अकरा पाने उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. एकूण एकशे त्रेचाळीस ओळी. मागे रांग खोळंबली होती, पण त्यांना घाई नव्हती. वाचून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “मिस्टर इलंगो, हे सगळं पाळायचं?”

“पाळायचंच,” मी म्हणालो.

“ठीक,” त्या म्हणाल्या.

इतर देशांत अशी पुरवणी कपाटात जाते, असे ऐकतो. आमच्याकडे लिहून दिलेली गोष्ट पाळली जाते. पालकांनी सर्वांत आधी लक्षात ठेवायचे ते हेच.

सोमवारी यालिनीला पिवळी टोपी मिळाली. एका पानापेक्षा जास्त पुरवणी असलेल्यांना पिवळी टोपी, असा नियम. (मादाम सिओंच्या मुलालाही मिळाली, पण त्याने ती अकराच्या सुमारास हरवली.) पाच पानांच्या वर स्वतंत्र खुर्ची. दहाच्या वर खुर्चीला स्वतंत्र पंखा. या सोयी असलेले पाल्य शिबिराच्या इतिहासात हे पहिलेच. खुर्ची पाण्यापासून वीस पावलांवर, छताला पाल नाही अशी खात्री केलेल्या जागी होती. वाटी भातापासून चार बोटांवर होती. बोटे कुणाची ते मी लिहिले नव्हते, म्हणून मिस गोहनी स्वतःची धरली. दोन वाजता सतरंजी अंथरली. डुलकी लागेना, तेव्हा अडीचपर्यंत तिला डोळे मिटून पडायला सांगितले.

रोज चार वाजता पालकांना अहवाल मिळे. आमचा सोमवारचा असा होता: पडणे शून्य, भिजणे शून्य, रडणे शून्य, पाली शून्य, अनोळखी व्यक्तींशी संभाषण शून्य, खेळ शून्य. मंगळवारचा अगदी तस्साच. माझ्या नोकरीत इतके निर्दोष पत्रक मी पाहिलेले नाही. मी दोन्ही अहवाल फ्रिजवर लावले.

मलरने ते वाचले आणि म्हणाली, “छान. हॉस्पिटलातून असाच कागद मिळतो.”

बुधवारी घरी आल्यावर यालिनी बूट न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

तिच्या गटाने तराफा बांधायला घेतला होता. बांबू, चार निळी पिंपे आणि दोर. शुक्रवारी साडेदहाला तो पाण्यात सोडायचा होता. गाठी मारायचे काम बसून करता येते, म्हणून पोरे दोर घेऊन तिच्या खुर्चीशी येत. तराफ्याच्या चोवीस गाठी होत्या, त्यांतल्या वीस तिने मारल्या होत्या. एकही सुटत नव्हती. मिस गोहनी स्वतः लोंबकळून पाहिले होते.

“शुक्रवारी सगळे त्याच्यावर बसणार,” ती म्हणाली. “मी खुर्चीत बसणार. ओळ तेहेतीस.”

मी फ्रिजवरचे अहवाल सरळ केले.

“अप्पा, मला जायचंय. नाही जाता आलं तर तराफा घरी आणू नका, फोटो पण आणू नका.”

ती रडली असती तर मला सोपे गेले असते. रडण्याविषयी मी पानभर लिहिले होते. ती रडली नाही. बूट काढून जागेवर ठेवले आणि आत गेली.

गुरुवारी मी कामावरून शिबिराच्या कार्यालयात फोन केला. ओळ तेहेतीस काढून टाकावी, असे अत्यंत समंजसपणे सांगितले. मिस गोह म्हणाल्या की फोनवर काही होणार नाही. मी विचारले की हा कुठला नियम.

“तुमचा,” त्या म्हणाल्या. “पान नऊ. ‘या सूचनांत बदल करावयाचा झाल्यास पालकाने स्वतः उपस्थित राहून, पाल्याच्या समक्ष, ओळीगणिक सही करून करावा. एक ओळ बदलल्यास सर्व ओळी पुन्हा तपासाव्यात.’ खाली दोनदा रेघ मारलीय तुम्ही.”

ती रेघ मला आठवत होती. पट्टी लावून मारली होती.

शुक्रवारी नऊ वाजता मी रजा टाकून शिबिराच्या दगडी टेबलाशी बसलो. समोर यालिनी, बाजूला मिस गोह आणि त्यांचे घड्याळ. पलीकडे पोरे तराफा पाण्याकडे ढकलत होती. हातात दीड तास आणि एकशे त्रेचाळीस ओळी होत्या. ओळ वाचायची, खरी की नाही ते ठरवायचे, खोडायची, सही करायची. मिस गोह कुठलीही ओळ गाळू देत नव्हत्या.

सुरुवातीला मी भराभर सह्या करत होतो. एकोणिसाव्या ओळीला यालिनीने बोट ठेवले.

“पालीला कोण घाबरतं?”

“आपण,” मी म्हणालो.

“अप्पा. मागच्या महिन्यात स्टुलावर कोण चढलं होतं?”

मिस गोहनी घड्याळाकडे पाहिले. मी सही केली.

ओळ तेहेतीस आली. मी लाटेचा प्रसंग मोठ्याने वाचला.

“लाटेनं पडलात तुम्ही,” यालिनी म्हणाली. “गुडघाभर पाण्यात. अम्मा सांगते ना. मी तुमची चप्पल धरून ठेवली होती.”

मी चप्पल विसरलो होतो. चप्पल अजून घरात आहे.

“आवाज बसतो ते पण तुम्ही. झोप तुम्हाला. रस्सा पण तुम्हालाच चालत नाही, मला तर भातात कालवलेला आवडतो. उचकी माझी. मी हसले की लागते. पण खोडा ते.”

सव्वादहापर्यंत आम्ही एकशे चाळीस ओळी खोडल्या. सवयीने मी कागदाच्या कडेला वर्गवारी करत होतो, ती अभ्यासकांसाठी देतो. एकूण ओळी एकशे त्रेचाळीस: पैकी पालकाच्या एक्याण्णव, पाल्याच्या सतरा, पालकाच्या आईच्या चार (मृत्युपश्चात चालू), आणि एकतीस कुणाच्याच नाहीत, त्या मी जिन्यांच्या यादीतून उचलल्या असाव्यात.

ओळ एकशे एक्केचाळीस अशी होती: ‘निरोप घेताना पाल्य तीन वेळा मागे वळून पाहते. पालक दिसला नाही तर कासावीस होते. पालकास फाटकाशी उभे राहू द्यावे.’

मी पेन टेकवले. यालिनीने कागदावर हात ठेवला.

“मी कधी वळून बघत नाही, अप्पा,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” मी म्हणालो. रोज फाटकाशी मीच उभा असे, त्यामुळे तिची पाठ मला तोंडपाठ होती.

तिने जरा विचार केला. मग मिस गोहना म्हणाली, “ही एक राहू दे.”

“ती पाळावी लागेल,” मिस गोह म्हणाल्या.

“पाळते,” यालिनी म्हणाली, आणि उरलेल्या दोन ओळींवर माझ्या सह्या होईपर्यंत एका पायावर उभी राहिली.

मग टोपी टेबलावर ठेवून, मिस गोहनी दिलेले पोहण्याचे जाकीट चढवत ती पाण्याकडे पळाली. दहा पावलांवर थांबून वळली. पुन्हा दहा पावलांवर वळली. तिसऱ्यांदा वळली तेव्हा तिचा एक पाय तराफ्यावर होता आणि तिने हातानेच विचारले, झालं? मी मान हलवली. देवळातल्या त्या कथेचा याच्याशी काही संबंध आहे, असे माझे म्हणणे नाही. दोन्ही वेळी रुमाल लागला, इतकेच नमूद करतो.

तराफा काठापासून पंधरा हात गेला आणि एका बाजूला कलला. गाठी सुटल्या नाहीत. पाचही पोरे एकाच बाजूला बसली होती. पाणी कमरेइतके. सगळ्यांत मोठी उचकी मला काठावर ऐकू आली.

चार वाजता शेवटचा अहवाल मिळाला. पडणे एक. भिजणे एक. अनोळखी व्यक्तींशी संभाषण, मोजणे सोडून दिले. खेळ एक, सबंध दिवस. रडणे एक (पालक). मलरने फ्रिजवरचे जुने दोन्ही काढून हा लावला.

तेव्हा ज्या पालकांना शिबिराविषयी जाणून घ्यायचे होते त्यांनी एवढे जाणावे: टोपी द्यावी, पाण्याची बाटली द्यावी, चौकट कोरी सोडावी. माझ्यावर वाचक हसले असतील, तर हरकत नाही. मी त्याला पात्र आहे. मात्र वाचता वाचता ज्यांच्या मनात ‘ते सगळं खरं, पण आमच्या मुलाचं जरा वेगळं आहे’ असे एकदा तरी आले, त्यांच्या सोयीसाठी खाली चार ओळी सोडत आहे. पुरणार नाहीत, हे मला माहीत आहे.

पाल्याविषयी आणखी काही सांगायचे असल्यास:

१. ....................................

२. ....................................

३. ....................................

४. ....................................