आवाज मिलिंददादांचा

आमच्या युसूफ वडगावात मिलिंददादांचा टीव्ही मुका आहे. बिघडलेला नाही. मुलांचं कार्टून लागलं की दादा आवाज बंद करतात आणि वाघापासून उंदरापर्यंत सगळ्यांचे संवाद स्वतःच म्हणतात. एसटीत कंडक्टर आहेत, तेव्हा आवाजाला कमी नाही. गल्लीतली पोरं समोर मांडी घालून बसतात. मागच्या खुर्चीत मी. शिक्षक असलो म्हणून काय झालं, करमणूक कुणाला नको असते?

दादांच्या मते कार्टूनवाल्यांना काही रीतभातच नाही. "ह्यो हिरो आधी हाणतोय, मंग इचारतोय. मी गाडीत असं केलं तर घरी बसंन." म्हणून हिरोची बुक्की राक्षसाच्या नाकावर बसली की दादा म्हणतात, "माफ करा मामा, गर्दीत धक्का लागला." मामा उडून डोंगरापलीकडं पडतात आणि तिथून सांगतात, "असू द्या, माझा स्टॉप आलाच हुता."

कार्टूनमधली आई सदा गॅसपाशी. दादांनी तिला अंगणवाडीत नोकरी लावून दिली. चित्रात ती पोळ्याच लाटते, पण तोंडानं बजावते की उद्या मीटिंग हाय, उद्या तुमचे बाबा लाटतील.

एकदा मी विचारलं, एवढा घसा फोडण्यापेक्षा टीव्हीच बंद का करत नाही? पोरं घरी गेल्यावर दादांनी सांगितलं. त्यांची सात वर्षांची पूनम बोलताना अडखळते. एका कार्टूनमध्ये तसाच अडखळणारा उंट होता. तो बोलायला लागला की अख्खं जंगल हसायचं.

"आन आमची पूनम बी हसली, सर. समद्यात जोरात. सोताच्याच बोलन्यावर हसायलं लेकरू." त्यानंतर तिनं शाळेत तोंड उघडणंच सोडलं. "घरातला टीव्ही बंद केला तर दुसऱ्याच्या घरी बघंल. तिथं उंटाला कोण सांभाळंल?"

मी तोवर ह्या माणसाला नुसता हौशी समजत होतो. त्या दिवसापासून मला त्यांचा फार आदर वाटतो.

परवा तोच उंट पुन्हा लागला. सगळे प्राणी नदीवर निघाले होते, हा मागं उभा. दादा बोलणार तोच पूनमनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"म... म... मला..." शब्द अडकला. पुढं बसलेलं एक पोरगं तिचं वाक्य पुरं करायला निघालं. दादांनी तिचा हात हळूच बाजूला केला.

"थांब रे. पॅसेंजर चढायलंय."

पोरं थांबली. उंट निघून गेला, साबणाची जाहिरात लागली. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"मला बी यायचंय तुमच्यासंगं," पूनम म्हणाली.

"ये की मंग," ते पोरगं म्हणालं.

दादांनी पोरांना सरकवून पूनमला पुढं जागा करून दिली.