प्रत्येकाला एकच प्रत

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी केलं ते बरोबरच केलं! आमच्या मंडळातलं कुणी तुम्हाला वेगळं सांगू लागलं, तर खुशाल कानाडोळा करा. आणि सांगणारी माझी बायको असेल, तर तिथून उठूनच जा.

आमचं मंडळ दुरुस्तीचं. लोक बिघडलेले मिक्सर, उसवलेल्या बॅगा, लंगड्या खुर्च्या आणतात आणि आम्ही त्या फुकट नीट करून देतो. बऱ्याचदा तरी देतो. नगर कार्यालयाने वापरायला दिलेली एक खोली आहे, तिच्यात एक लांब टेबल, भिंतीवर टांगलेल्या पकडी आणि कोपऱ्यात मालकांनी सोडून दिलेल्या पंख्यांची गर्दी. मी या मंडळाचा बिनपगारी चिटणीस.

तर एक दिवस नगर कार्यालयाचं पत्र आलं. वार्षिक सभेला निम्मे सभासद तरी हजर दिसले पाहिजेत, नाहीतर मंडळ बंद पडलंय असं समजून खोली काढून घेऊ! मागच्या सभेला होतो कोण? अध्यक्ष, मी आणि आपला पंखा न्यायला आलेले एक गृहस्थ. तेही आभारप्रदर्शनाआधी सटकले.

लोक का येत नाहीत, ते मी शोधून काढलं. सगळा घोळ मेलच्या ग्रुपांचा! ‘दुरुस्ती’, ‘दुरुस्ती चर्चा’, ‘टेबल’, ‘कार्यकर्ते’, ‘शिडी’, जिकडे बघावं तिकडे तीच माणसं. सभेचं आमंत्रण मी सगळ्या ग्रुपांवर धाडायचो. एकाच माणसाला तेच पत्र इतक्यांदा मिळायचं, की तो न वाचताच सगळी उडवायचा. उपाय सोपा होता. सगळे ग्रुप मोडायचे, एकच ठेवायचा, प्रत्येकाला एकच प्रत!

“अहो, राहू देत ना ते ग्रुप,” बायको म्हणाली. तीही मंडळात शिवणकाम बघते.

“का म्हणून?”

“आहेत तसे बरे आहेत. आणि सगळी माणसं सगळ्या ग्रुपांत आहेत का, ते नीट बघितलंत?”

“बघायचंय काय त्यात? एकत्र केले की आपोआप सगळी येतील!”

तिने कपाळाला हात लावला. मला वाटलं, डोकं दुखतंय.

रविवारी सकाळी चहा घेऊन मी कामाला बसलो. ग्रुप कुणीही काढो, सगळे मंडळाच्याच मेलखात्यावर आणि त्याचा मुख्य पासवर्ड माझ्याकडे. नावं एकत्र केली, दुबार नावं गाळली. जुनी पत्रंही सगळी नव्या ग्रुपात आणून ठेवली, कुणालाही केव्हाही वाचता येतील अशी. मंडळाचा इतिहास काय वाऱ्यावर सोडायचा? बटण दाबलं आणि ऐटीत दुसरा चहा मागितला.

चहाच्या आधी अध्यक्षांचा फोन आला. हे दातांचे डॉक्टर.

“चिटणीस, ‘टेबल’ ग्रुपात मी का नव्हतो?”

“असाल हो डॉक्टर, नजरचुकीने—”

“नव्हतो! तिथे लिहिलंय, अध्यक्षांचं भाषण म्हणजे भूल न देता उपटलेली दाढ! कुणी लिहिलंय? आपल्या वायरमनने!”

फोन ठेवतोय तोच वायरमन. “साहेब, ‘चर्चा’ ग्रुप काय भानगड आहे? त्यात मी सोडून सगळे! आणि बाई लिहितात, मी हात लावलेली इस्त्री कपड्यांआधी घर जाळते!”

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. त्यांचाही फोन आलाच. “‘कार्यकर्ते’ ग्रुपात मला खडूस म्हटलंय. म्हणू देत. पण शुद्धलेखन किती भयंकर आहे हो!”

मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या मंडळात कधी भांडण होत नाही, याचा मला केवढा अभिमान होता! होणार कसं? कुणाशी बिनसलं, की ही मंडळी त्याला वगळून नवा ग्रुप काढायची. आणि मी त्या सगळ्यांना एकमेकांची पत्रं घरपोच दिली होती.

राहता राहिला ‘शिडी’. त्यात मी नव्हतो. मला उंचीची भीती वाटते, म्हणून घेतलं नसेल, असं मी समजत होतो. उघडून बघतो तर काय, मी सोडून सगळं मंडळ! विनोद, वाढदिवस, शुभेच्छा, गप्पाच गप्पा. सहलीचे फोटो! सगळ्यांत पुढे बायको, कुणाची तरी टोपी घालून. मला सांगून गेली होती, माहेरी चाललेय. खाली लिहिलं होतं, ‘यांना कळवू नका. वेळापत्रक करतील.’

“हा ग्रुप तू काढलास?”

“हो. कुणीतरी काढणारच होतं. म्हटलं, घरचंच माणूस असलेलं बरं.”

“मला एकदा विचारायचं तरी!”

“विचारलं असतं, तर तुम्ही आला असतात.”

वाईट वाटलं. कशाला खोटं सांगू, फार वाईट वाटलं. चहासुद्धा तसाच राहिला.

तिकडे नव्या ग्रुपात एकच गजर, ‘चिटणीसांनी माफी मागावी!’ आता मात्र माझं टाळकं सरकलं. सहलीला यांनी जायचं आणि माफी मी मागायची? ठणकावून लिहिलं, ‘माफी मागणार नाही! ज्याला बोलायचंय त्याने सभेत समोर येऊन बोलावं!’ खाली सभेची तारीख, वेळ सगळं दिलं.

आणि आले! झाडून सगळे आले! खुर्च्या पुरेनात, म्हणून दुरुस्तीला आलेल्या लंगड्या खुर्च्यासुद्धा काढल्या. वायरमन आणि डॉक्टर समोरासमोर उभे राहून ओरडत होते, बाई दोघांच्या चुका काढत होत्या. शेवटी कुणीतरी ते दाढेचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि पहिले हसले ते डॉक्टर. नगर कार्यालयातून आलेल्या अधिकारी दाराशी डोकी मोजून दमल्या. म्हणाल्या, “इतकं जिवंत मंडळ दुसरं नाही. खोली तुमचीच!”

खोली वाचली! कुणामुळे? माझ्यामुळे! पण कुणाला त्याचं काय? पुढचाच ठराव आला, चिटणीसांना पदमुक्त करावं. मांडला डॉक्टरांनी, अनुमोदन वायरमनचं. एरवी आमच्याकडे चहात साखर किती, यावरही मतं फुटतात. हा एकमताने! बायकोचाही हात वर होता.

ठराव सगळ्यांना कळवणं भाग होतं आणि ग्रुपचा पासवर्ड फक्त माझ्याकडे. म्हटलं, मीच पाठवतो, भितो की काय! माझ्या हकालपट्टीचं पत्र मीच लिहिलं, मीच धाडलं. पोचलं बरोबर! प्रत्येकाला एकच प्रत, कुणालाही दुसरी नाही! आहे की नाही माझी पद्धत खणखणीत?

आता नव्या चिटणीसांसाठी लिहिलेला पासवर्ड त्याच पत्रात होता, तो सगळ्यांकडे गेला, एवढंच. तेव्हापासून नवे ग्रुप किती निघाले म्हणता? ते मला काय विचारता! मी एकातही नाही.