दोन सऱ्यांचं पान

सांगलीत आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत भूपालअण्णांचं टायपिंगचं दुकान आहे. दारासमोर गाडी लावू नये, अशी पाटी त्यांनी लावली आहे, पण ती दोन कॉलममध्ये छापली आहे. डाव्या कॉलममध्ये एकाखाली एक ‘कृपया’, ‘दुकानाच्या’, ‘दारासमोर’ आणि उजव्या कॉलममध्ये ‘गाडी’, ‘लावू’, ‘नये’. आडवं वाचलं की ते ‘कृपया गाडी दुकानाच्या लावू दारासमोर नये’ असं होतं. म्हणायचंय तरी काय, हे बघायला माणसं गाडी थांबवतात. त्यामुळे दारात कायम दोन-तीन गाड्या असतात.

कुणी हे दाखवून दिलं तर अण्णा म्हणतात, ‘पाणी सरीनंच चाललंय की. लोकास्नी आडवं जायची घाई हाय, त्याला मी काय करू?’

अण्णा मूळचे शेतकरी. उसाला पाणी पाजताना दोन वरंब्यांमधली एक सरी भरली की मातीचं दारं मोडून पाणी शेजारच्या सरीत सोडतात. कॉम्प्युटरवर डावा कॉलम खालपर्यंत भरला की मजकूर उजव्या कॉलमच्या डोक्यावर जातो, ते त्यांना अगदी तसंच वाटतं. म्हणून ते कॉलमला सरी म्हणतात आणि पानाला रान. अर्ज, पावतीपुस्तक, भजनी मंडळाचं पत्रक, काहीही टाइप करायला द्या, ते दोन सऱ्यांतच येतं. आणि दोन्ही सऱ्या खाली एकाच ओळीवर संपल्या पाहिजेत, हा त्यांचा दुसरा हट्ट.

एका लग्नपत्रिकेत डाव्या बाजूला मुलीकडची आणि उजव्या बाजूला मुलाकडची नावं होती. मुलीकडं एक नाव कमी पडत होतं. अण्णांनी अक्षर मोठं केलं नाही की जागा मोकळी सोडली नाही. मुलीच्या वडिलांना बाकावर बसवलं आणि शांतपणे म्हणाले, ‘आनि कोन हाय का, बघा आठवून.’ वडील बराच वेळ छताकडे बघत बसले आणि मग त्यांनी एका मेहुण्याचं नाव सांगितलं. त्या मेहुण्याशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. पत्रिका गेली, मेहुणे लग्नाला आले आणि वरातीत सगळ्यात जास्त तेच नाचले म्हणे. अण्णांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. कॉलम सारखे झाले होते, तेवढं त्यांना पुरलं.

मी कुंडलकडची. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे इथं मला कुणी काही काम सांगितलं की येत नाही असं म्हणायचं धाडस होत नाही. आमच्या विभागाच्या अंकाचं टायपिंग मॅडमनी माझ्याकडे दिलं तेव्हाही मी मान हलवली. आधीच्या अंकात दोन कॉलम होते, म्हणून मीही केले, पण मला जसे जमले तसे. अर्धी ओळ लिहायची, मग स्पेसबार दाबत दाबत पलीकडे जायचं आणि तिथं दुसऱ्या लेखाची अर्धी ओळ लिहायची. अशी चोवीस पानं. छान दिसत होती. मग मॅडमनी एका पानावर ‘पण’ काढून ‘परंतु’ करायला सांगितलं आणि ते पान कोसळलं. डावीकडची कविता उजवीकडच्या अहवालात घुसली. ‘तुझ्या आठवणींच्या वाटेवर’ याच्या पुढेच ‘दोन पंखे बंद आहेत’ असं यायला लागलं.

प्रकाशन सोमवारी होतं आणि मी अण्णांकडे गेले तो शुक्रवार होता. त्यांनी कसलंसं बटण दाबलं, तशी सगळी पानं बारीक ठिपक्यांनी भरली. मी जितक्या वेळा स्पेसबार दाबला होता तितके ते ठिपके होते. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला.

‘आक्का, हे तू बादलीनं पाणी घातलंयस.’

सगळ्या मुलींना ते आक्काच म्हणतात. मी सांगितलं की मॅडम म्हणाल्यात, वेळ नाही, कॉलम सोडून द्या, पुस्तकासारखं सलग करून आणा. अण्णांनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले आणि हे कोण वाचणार आहे असं विचारलं. मी म्हणाले, विद्यार्थी, शिक्षक, पाहुणे.

‘आनि?’

आई येणार आहे, मी म्हणाले. अंकात माझाही एक लेख होता, आईवरच. माझं काहीतरी पहिल्यांदाच छापून येत होतं. आई शाळेत गेलेली नाही. मी पहिलीत असताना माझ्याच पुस्तकावरून ती वाचायला शिकली. पण हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं आणि अण्णांनाही सांगणार नव्हते.

‘बोट ठेवून वाचती का?’ अण्णांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

त्यांनी एक सलग छापलेला कागद माझ्यापुढे ओढला आणि स्वतःचं बोट पहिल्या ओळीवरून उजवीकडे नेलं. ‘हितवर नीट जातं. परत येताना चुकतं. ओळ लय लांब हाय न्हवं. मग त्याच ओळीवर पडतं, न्हाईतर एक सोडून खाली. दोनदा असं झालं की माणूस पुस्तक मिटतं आनि म्हणतं, चष्मा आणला न्हाई.’

माझी आई अगदी हेच म्हणते. तिच्याकडे चष्मा नाहीच आहे.

अण्णांनी माझे ठिपके पुसले आणि खुर्ची मला दिली. शनिवार-रविवार मी त्यांच्या दुकानात बसून चोवीस पानं पुन्हा केली. कॉलम दोन करायचे, लेख संपला की तिथं मजकूर तोडणारा एक ब्रेक टाकायचा, म्हणजे दोन्ही सऱ्या आपोआप सारख्या होतात. प्रत्येक वेळी दोन्ही कडा खाली एका ओळीत आल्या की मला उगाच बरं वाटायचं. रविवारी रात्री तिथंच प्रती छापून झाल्या.

सोमवारी आई मागच्या रांगेत बसली होती. भाषणं चालू असतानाच तिनं अंक उघडला. मी तिच्या मागे दाराशी उभी राहून तिचं बोट बघत होते. ते थोडंसं उजवीकडे जायचं आणि लगेच परत यायचं. डावीकडच्या तळाला पोचल्यावर क्षणभर थांबलं, आणि मग उजव्या सरीच्या डोक्यावर गेलं. शेवटपर्यंत तिनं अंक मिटला नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांना अंक द्यायला गेले. आईनं शेवटपर्यंत वाचलं, हे ऐकून ते ‘बरं झालं’ एवढंच म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले. कॉम्प्युटरवर ‘घरचं’ नावाचा फोल्डर उघडा होता. त्यात शेकड्यानं फाइली होत्या आणि त्यातली एक समोर दिसत होती. कसलीतरी गोष्ट, मोठ्या अक्षरात, दोन कॉलममध्ये. पण डावा कॉलम खालपर्यंत भरलेला आणि उजव्यात चारच ओळी. अण्णांच्या कॉम्प्युटरवर असं पान मी कधी बघितलं नव्हतं. त्यांच्याकडून राहून गेलं असेल, आणि आता तर मला येतंच, म्हणून मी माउस हातात घेतला.

‘ऱ्हाऊ दे, आक्का.’

अण्णा दारात उभे होते. आत येऊन त्यांनी दोन्ही कप टेबलावर ठेवले. लग्नानंतर त्यांनीच बायकोला वाचायला शिकवलं होतं. तिला आखूड ओळींचा पेपर वाचता यायचा, लांब ओळींचं पुस्तक यायचं नाही. म्हणून ते रोज सकाळी पुस्तकातलं एक पान असं टाइप करून छापायचे आणि दुपारी जेवायला जाताना घरी न्यायचे.

‘त्या दिवशी एवढंच झालं हुतं, तवर घरनं फोन आला,’ अण्णा म्हणाले. ‘मी रोज उघडतो. पुढचं टाइप करावं म्हणतो. पन न्यायचं कुणाला?’

मी माउस सोडला. आम्ही चहा प्यायलो. मग अण्णांनी अंक उघडून माझा लेख काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.