डेस्मंड थ्रपला मत देऊ नका

"रेडिओवर छान बोललास," टोस्टला लोणी लावता लावता ग्वेंडा म्हणाली. "पण लोकांना इतकं पटेल असं बोलायला नको होतं."

डेस्मंड थ्रपने चहाचा कप तसाच बाजूला सारला. पोटनिवडणुकीचं मतदान आजच होतं. 'ब्रसेल्स हटाव' पक्षाचा उमेदवार तो स्वतः, आणि काल सकाळी रेडिओवरून साऱ्या स्कार्बी गावाला त्यानेच सांगितलं होतं, "मला मत देऊ नका."

त्याचं कारण होतं हेस्टर क्विलम. पूर्वी ती त्याच्याच पक्षात होती. मग भांडण झालं आणि तिने 'आपलं बेट' नावाचा वेगळा पक्ष काढला. दोघांनाही ब्रिटन युरोपातून बाहेर काढायचं होतं, फक्त एकत्र नाही. निवडून मजूर नाहीतर हुजूर पक्षच येणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भांडण होतं ते तिसऱ्या जागेचं. ती मिळाली तर लंडनचे बातमीदार दखल घेणार. आणि ती बळकावायला टपून बसला होता मिक नावाचा एक खाणावळवाला, जो अंगात लाल खेकड्याचा पोशाख चढवून गावभर आडवा चालत प्रचार करायचा.

"तुम्ही दोघं एकमेकांची मतं खाताय आणि फावतंय खेकड्याचं," पक्षाचं काम पाहणारा नॉरिस म्हणाला होता. "कुणीतरी एकाने मोठं मन दाखवा."

डेस्मंडने ते दाखवलं. अर्ज मागे घ्यायची मुदत टळली होती, त्यामुळे मतपत्रिकेवर त्याचं नाव राहणारच होतं. म्हणून थेट रेडिओ. हेस्टरचा फोन आला तेव्हा ती चक्क रडत होती. डेस्मंडला दिवसभर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं.

संध्याकाळपर्यंत ते उतरलं. खाटीक म्हणाला, "बरोबर केलंस बघ, हेस्टरलाच देतो." टपालवाला म्हणाला, "बरं झालं सांगितलंस, माझंही तेच चाललं होतं." निम्म्या गावाला डेस्मंडने गाडी चालवायला शिकवली होती. त्यातला एक तरी "अरे, असं कसं, मत तुलाच!" असं म्हणेल, अशी त्याला आशा होती. कुणी म्हणालं नाही. नॉरिसने तर छातीवरची पक्षाची फीत काढून हेस्टरची लावलीसुद्धा.

"तू कुणाला देणार?" आज न्याहारीच्या टेबलावर त्याने ग्वेंडाला विचारलं.

"हे काय विचारणं? हेस्टरला. तूच सांगितलंस ना?"

मतदान केंद्रात गेल्यावर त्याने मतपत्रिका उघडली. थ्रप, डेस्मंड. जन्मात पहिल्यांदाच त्याचं नाव असं छापून आलं होतं. बिचारं एकटं, खाली कोपऱ्यात. याला कुणीच मत देणार नाही, या विचाराने त्याला भडभडून आलं, आणि दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने त्याने स्वतःच्याच नावापुढे फुली मारून टाकली.

पायऱ्या उतरताना त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उद्या निकाल वाचतील. थ्रप, एक मत. ते एक कुणाचं, हे सांगायला ज्योतिषी लागणार नव्हता. त्याला दरदरून घाम फुटला.

आता एकच उपाय होता. कुणाकडून तरी आणखी एक मत मिळवायचं, आणि तेही गुपचूप. त्याने शिकवणीची गाडी काढली आणि एकट्या राहणाऱ्या ब्लेनकिनबाईंना मतदानाला घेऊन निघाला.

"बाई, जमलं तर मला द्या," तो केंद्राच्या फाटकाशी हळूच म्हणाला.

"काय द्या?"

"मत."

"काय मत? माझं कशाबद्दल मत?"

"बाई, हळू! मत, मला, थ्रपला!"

"अगं बाई!" ब्लेनकिनबाई खणखणीत आवाजात ओरडल्या. "काल रेडिओवर नको म्हणत होता, आज गाडीत बसवून मागतोय!"

फाटकाशी फीत लावून उभी असलेली हेस्टर वळली. डेस्मंड सीटवर खाली सरकला. पण ती खळखळून हसली. "डेस्मंड, आजच्या दिवशी तरी थट्टा पुरे कर हं!"

"मी तर बाई पन्नास वर्षं मजुरांनाच देते," ब्लेनकिनबाई गाडीतून उतरत म्हणाल्या. "पाय दुखतात म्हणून बसले."

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरभवनात निकाल लागला. सगळे उमेदवार मंचावर उभे होते. डेस्मंड हेस्टरच्या शेजारी, कानात दडे बसल्यासारखा. पहिल्या दोन जागा अपेक्षेप्रमाणे गेल्या. मग अधिकाऱ्याने चष्मा सारखा केला.

"मिक, सहाशे बारा. क्विलम, सहाशे अकरा."

खेकड्याने दोन्ही नांग्या वर करून नाच केला. हेस्टर पांढरीफटक पडली. एका मताने!

"थ्रप, दोन."

सभागृहात हशा पिकला. डेस्मंडला मात्र आधी सुटल्यासारखं वाटलं. दोन! मग हिशेब डोक्यात शिरला: हेस्टरला कमी पडलं होतं ते त्याचंच मत. आता सांगून टाकायलाच हवं होतं. खाली उतरल्यावर त्याने तोंड उघडलं, तोच हेस्टरने त्याची बाही धरली.

"डेस्मंड, मला माफ कर. तू माझ्यासाठी एवढा त्याग केलास, आणि तिथे तुझं नाव बघून मला राहवलंच नाही रे. मी तुलाच दिलं. ते मला दिलं असतं तर निदान बरोबरी तरी झाली असती!"

डेस्मंडने आपली कबुली गिळून टाकली.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "एका मताने काय एवढं बिघडतं?"

"पण मग दुसरं कुणाचं?" नॉरिसने डोळे बारीक करून विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. डेस्मंडच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला.

"माझं," ग्वेंडा म्हणाली. "नवरा आहे शेवटी."

हेस्टरने तिला मिठी मारली. नॉरिस ओशाळला. डेस्मंडने कृतज्ञतेने बायकोचा हात धरला आणि तिला गाडीपर्यंत नेलं. गाडी सुरू झाली, नगरभवन मागे पडलं.

मग खिडकीबाहेर बघत ग्वेंडा म्हणाली, "मी हेस्टरलाच दिलं होतं हं."